चौकोनबाईंनी न विचारलेला प्रश्न

आमच्या हॉस्पिटलच्या संशोधन विभागात एक बाई आहेत, त्यांना सगळे चौकोनबाई म्हणतात. पाठीमागे म्हणतात आणि तोंडावरही म्हणतात. त्यांचं खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात आहे, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नाही. मी तिसऱ्या मजल्यावर हृदय विभागात ईसीजी काढतो, म्हणून बाई मला ‘अहो ईसीजी’ अशी हाक मारतात. त्यामुळे नावाच्या बाबतीत आमची फिट्टंफाट आहे.

बाईंचं काम वंशावळी काढायचं. पण घराण्याचा पूर्वज कोण होता असल्या थाटाच्या नव्हेत, आजारांच्या. कान, डोळे, मूत्रपिंड, मेंदू, त्वचा आणि हृदय अशा सहा विभागांचं मिळून आनुवंशिक आजारांवर संशोधन चालतं. एखादा आजार घरात पिढ्यान्‌पिढ्या फिरतोय अशी शंका आली की डॉक्टर त्या माणसांना बाईंच्या टेबलाकडे धाडतात. पुरुष असेल तर चौकोन, स्त्री असेल तर गोल. तो आजार असलेल्याची आकृती काळी भरायची, गेलेल्यावर तिरकी रेघ मारायची. नवरा-बायको आधीपासूनच नात्यातले असतील तर मधली रेघ दुहेरी. एवढ्या सामानावर बाई अख्खं घराणं कागदावर उतरवतात, तेही पेन्सिलीने, कारण माणसांना आपले नातेवाईक एका दमात कधीच आठवत नाहीत.

त्या विचारत कशा, ते ऐकण्यासारखं असे. मी जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम त्यांच्या खोलीत जाऊन बसायचो.

“आमच्या काकांनाही हाच त्रास होता,” समोरचा माणूस म्हणे.

“काका म्हणजे चुलते, की मावशीचे यजमान?”

“मावशीचे यजमान.”

“मग त्यांचा त्रास त्यांना लखलाभ. तुमच्या रक्ताचे नाहीत ते. पुढे चला.”

परदेशातून आलेल्या छापील फॉर्मवर चुलत, मावस, आते आणि मामे या सगळ्या भावंडांना मिळून एकच रकाना होता. बाईंनी पहिल्याच दिवशी पट्टी लावून त्याचे चार तुकडे केले आणि तसा फॉर्म झेरॉक्स करून आणला. ‘अहो, ज्या माणसांना आत्या आणि मावशी यांतला फरक माहीत नाही ती आनुवंशिकता कशी शोधणार?’ असं त्या म्हणाल्या. संशोधनाच्या प्रमुखांच्या हा बदल दोन वर्षांनी लक्षात आला. तोवर सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

त्यांना कुणाला काहीही विचारायची लाज वाटत नसे. पहिलं लग्न मोडलं का, पोटातच गेलेलं मूल होतं का, दिराच्या वेडाचं नेमकं काय झालं, सगळं सरळ विचारायच्या. माणसं आधी कानकोंडी होत आणि मग घडाघडा बोलत. एका म्हाताऱ्याने बायकोपासून चाळीस वर्षं लपवलेला भाऊ बाईंपुढे काढला होता, आणि बायको शेजारीच बसली होती. मी हे सांगतोय कारण अशा बाईने आयुष्यात एकदाच एक प्रश्न विचारायचा टाळला. तीच ही गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला की सहाही विभागांचे कागद एकत्र करून संगणकात घालायचे. तोवर प्रत्येक विभागाचं कपाट वेगळं आणि चावी वेगळी. कानवाल्यांचा फॉर्म कानापुरता, मेंदूवाल्यांचा मेंदूपुरता. मी तेव्हाही म्हणायचो की आपण माणसाचे सहा वाटे करून घेतलेत. पण ईसीजी काढणाऱ्याचं ऐकतो कोण? बाई मात्र खूश झाल्या. रोज गठ्ठा सोडायचा, वंशावळी नव्याने मोठ्या कागदावर काढायच्या, तपासायच्या. त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, घराण्यांचे आकार राहत. कुठल्या घरात तीन मुली आणि मग एक मुलगा, कुठे एका भावाचा वंश मध्येच संपलेला, हे त्या पानाकडे न बघता सांगू शकत.

एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. दोन कागद एकावर एक ठेवून त्यांनी काचेवर दाबून धरले होते, उजेडात खालच्या रेघा वर दिसाव्यात म्हणून.

“अहो ईसीजी, हे बघा. हे एकच घर आहे ना?”

दोन्हींत आईवडील मामे-आते भावंडं, म्हणून मध्ये दुहेरी रेघ. आईला दोन भाऊ, दोघे धाकटे. खाली दोनच मुलं, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. मुलग्यावर तिरकी रेघ. रेघ न्‌ रेघ जुळत होती. पण वरचा कागद मेंदू विभागाचा होता, मागच्या वर्षीचा. बाई बहिणीच्या ऑपरेशनसाठी रजेवर असताना वॉर्डातल्या कुणा शिकाऊ डॉक्टरने भरलेला. त्यात मुलीचा गोल काळा, आणि बाजूला लिहिलेलं : वय अकरा, पळताना किंवा दचकल्यावर बेशुद्ध पडते, फिटच्या गोळ्यांनी फरक कमी. खालचा कागद कान विभागाचा, सहा वर्षांपूर्वीचा, बाईंच्याच हातचा. त्यात मुलगा आणि मुलगी दोघंही काळी. दोघांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

मेंदूवाल्यांच्या फॉर्मवर कानाचा प्रश्नच नव्हता, आणि कानवाल्यांच्या फॉर्मवर बेशुद्ध पडण्याचा नव्हता.

“जन्मापासून बहिरं मूल,” बाई म्हणाल्या, “आणि पळताना पडतं. तुमच्याकडे असलं काही येतं का हो?”

मी डॉक्टर नाही. पण सव्वीस वर्षं डॉक्टरांच्या शेजारी उभा आहे. मी ते दोन्ही कागद बाईंच्या हातातून जवळजवळ ओढून घेतले आणि जिना चढून आमच्या डॉक्टरांकडे गेलो, बाई माझ्या मागोमाग. आमचे डॉक्टरच या संशोधनाचे प्रमुख. त्यांनी कागद वाचले, चष्मा काढला, परत लावला आणि परत वाचले.

त्यांनी आम्हाला समजावलं ते असं. कानाच्या आत आणि हृदयात काही पेशी असतात. त्यांना क्षाराची ये-जा करायला एक बारीकसं दार असतं, दोन्हीकडे एकाच घडणीचं. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही ते दार बिघडलेलं आलं तर मूल बहिरं जन्मतं. कान तर सगळ्यांना कळतो. पण हृदयाचा ठोका संपायला वेळ जास्त लागतो, हे बाहेरून कुणालाच कळत नाही. मग ते मूल पळालं, घाबरलं किंवा पाण्यात पोहायला लागलं की हृदय ताल सोडतं. मूल पडतं. कधी उठतं, कधी नाही. दिसायला हुबेहूब फिटसारखं.

“तिचा ईसीजी कधी काढलाय?” डॉक्टरांनी विचारलं.

काढला नव्हता. मेंदूचा आलेख काढला होता, कानाच्या चार तपासण्या झाल्या होत्या, रक्त घेतलं होतं. छातीला कुणी हात लावला नव्हता. मी दोन मजले वर मशीन घेऊन बसलो होतो, आणि कित्येक दुपारी तर नुसता माशा मारत होतो. दहा मिनिटांचं काम. मला त्या दिवशी सगळ्या विभागांचा, आणि त्यात स्वतःचाही, भयंकर राग आला.

चौकोनबाई अजून आपल्या हातच्या कागदाकडेच बघत होत्या. त्यांनी बोट मुलग्याच्या चौकोनावर ठेवलं होतं. रेघेच्या बाजूला त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं : ‘वय दहा. बुडून. अपघात.’

आमच्या कामाचा नियम असा की अपघाताने गेलेला माणूस आजारात धरायचा नाही. रस्त्यावर गाडीखाली आला, झाडावरून पडला, बुडाला, तर रेघ मारायची आणि पुढे जायचं. नियम चुकीचा नाही. पण अपघात कसा झाला हे खोदून विचारायचं, हाही नियमच आहे.

“मी विचारलं नाही,” खोलीत परत आल्यावर बाई म्हणाल्या. “आई सांगत होती, बुडाला, यांचं लक्ष नव्हतं म्हणून बुडाला. तो बाप शेजारी मान खाली घालून बसलेला. ऐकू न येणारं पोर, हाक मारून उपयोग नाही, फक्त नजर ठेवायची होती आणि तेवढंही यांना जमलं नाही, असं ती म्हणत होती. मला त्या माणसाची इतकी दया आली, की म्हटलं, आता ह्याला आणखी काय विचारायचं? लिहिलं अपघात आणि दिला कागद. विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. मुलगी सहा वर्षांची होती. अहो, सहा वर्षं ती पोर तशीच पळतेय.”

त्या रडल्या. मी टेबलावरची पेन्सिल उगाच उचलून परत ठेवली. अशा वेळी काय करायचं ते मला कळत नाही.

आमच्या कागदांवर नावं नसतात, फक्त नंबर. कुठला नंबर कोणाचा याची वही वेगळ्या कपाटात असते, आणि ती उघडायला समितीची परवानगी लागते. डॉक्टरांनी समितीच्या अध्यक्षांना फोन लावून त्यांना बैठकीतून बाहेर काढलं आणि तासाभरात परवानगी मिळवली. आमच्या हॉस्पिटलात इतक्या लवकर काही झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

फोन बाईंनीच केला. आईने उचलला.

“सहा वर्षांपूर्वी आमचं चार चार नळ्या रक्त नेलंत,” ती म्हणाली. आवाज मलाही ऐकू येत होता. “आजपर्यंत एका ओळीचं उत्तर नाही. आता पुन्हा कशाला? तिच्या फिटचं औषध चालू आहे. चार महिने पडलेली नाही. येत्या शुक्रवारी शाळेच्या शर्यतीत धावणार आहे माझी मुलगी.”

आणि तिने फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही. तिचं बोलणं खरं होतं, हीच पंचाईत होती. आम्ही खरंच रक्त नेलं होतं आणि खरंच काही कळवलं नव्हतं. तो दिवस बुधवार होता.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांच्या परवानगीने बाई निघाल्या आणि त्यांनी मला हातातल्या पेटीएवढं छोटं मशीन घेऊन बरोबर यायला लावलं. मी कुरकुर केली, कारण कुरकुर केल्याशिवाय मला काम करता येत नाही.

दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. बेल दाबली तर आवाज आला नाही, दाराच्या फटीतून दिवा लागलेला तेवढा दिसला. मुलीला कळावं म्हणून त्यांनी बेलची तार दिव्याला जोडून घेतली होती. दार मुलीनेच उघडलं. उंच, काटक, पायात नवे पळायचे बूट. घरातल्या घरात घालून बघत असावी. मागून आई आली आणि बाईंना बघून तिचा चेहरा बंद झाला.

वडील आतल्या खोलीतून गणवेशाच्या शर्टाची बटणं लावत आले. ते शहर बसवर ड्रायव्हर होते. रोज पन्नास-साठ माणसं त्यांच्या हातात जीव देऊन बसत, आणि पोटच्या मुलीला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न्यायची त्यांना घरात मुभा नव्हती. हे आम्हाला नंतर कळलं.

“तुम्ही परत का आलात?” आईने विचारलं.

“माझी चूक झाली होती, ती सांगायला आले,” बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. “मागच्या वेळी मी तुम्हाला सगळं विचारलं आणि तुमच्या मिस्टरांना काहीच विचारलं नाही. एकच प्रश्न आहे. तो विचारू द्या, मग हाकलून द्या.”

आईने दार अर्धवट धरूनच ठेवलं. बाई वडिलांकडे वळल्या.

“दादा, त्या दिवशी पाण्यात तो हातपाय झाडत होता का? नाकातोंडात पाणी जाऊन धडपडत होता, की एकदम थांबला?”

वडिलांनी बायकोकडे बघितलं. मग खाली बसले.

“थांबला,” ते म्हणाले. “माझ्याकडेच पोहत येत होता. चांगला पोहायचा तो. हसत होता. मी काठावर हात पुढे करून उभा. आणि मध्येच थांबला. जसा कुणी आतून बंद केला. धडपड नाही, काही नाही. मी कपड्यांसकट उडी मारली. मी बघत होतो हो. मी दुसरीकडे बघतच नव्हतो.”

“हे कायम हेच सांगतात,” आई म्हणाली. “चांगलं पोहणारं पोर असं उगाच बुडतं का? तुम्हीच सांगा. कुणी बघत असताना बुडतं का?”

“आई,” चौकोनबाई म्हणाल्या, “त्याचं उत्तर कदाचित ह्या मुलीच्या छातीत आहे. दहा मिनिटं द्या. सुई नाही, रक्त नाही.”

मला वाटलं आता ही आम्हाला दार दाखवणार. पण ती मुलीपाशी गेली, हातांनी तिला काहीतरी सांगितलं, आणि बूट काढायला लावले.

मुलगी दिवाणावर झोपली. मी छातीवर, हातापायांना चिकट्या लावल्या, ईसीजीची पट्टी काढली. ईसीजीच्या कागदावर बारीक घरं असतात, ती मोजत मोजत आम्ही वाचतो. ठोक्यानंतरची शेवटची लाट ठरावीक घरांत संपली पाहिजे. ही संपता संपत नव्हती. पुढचा ठोका दारात येऊन उभा राहिला तरी हिचं आवरेना. सांगायचा अधिकार माझा नाही, म्हणून मी तोंड मिटून पट्टीचा फोटो डॉक्टरांना पाठवला. पण मी तीच घरं दुसऱ्यांदा मोजली आणि बाईंनी ते बघितलं.

दोन मिनिटांत डॉक्टरांचा फोन आला. मी तो मोठ्या आवाजावर केला. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता घेऊन या, टॅक्सीने या, जिना सावकाश उतरवा. उद्याची शर्यत नाही, आणि यापुढेही नाही. पण आजार कळलाय, औषध आहे, गरज लागली तर छातीत बसवायचं यंत्र आहे. वेळेत सापडली.

ती मुलगी आज चौदा वर्षांची आहे. औषध घेते, दर तीन महिन्यांनी माझ्याकडे येते, आणि शर्यत बंद केली म्हणून माझ्यावर अजून डूख धरून आहे. हे इथेच सांगून टाकतो, कारण मला सांगायचं आहे ते डॉक्टरांच्या त्या शब्दांनंतरच्या पाच मिनिटांचं.

आईने माझ्या हातातला फोन घेतला. “डॉक्टर,” ती म्हणाली, “माझ्या मुलाला हेच होतं?”

“खात्रीने सांगायला त्याची पट्टी हवी होती. ती कुणी काढलीच नाही, तो आमचा दोष,” डॉक्टर म्हणाले. “पण वडिलांनी सांगितलेलं आमच्या बाईंनी मला आत्ता फोनवर लिहून कळवलं. मला विचाराल तर हेच.”

“कुणी नीट लक्ष ठेवलं असतं तर?”

“बाई, कुणी हात धरून पोहत असतं तरी तो गेला असता.”

तिने फोन दिवाणावर ठेवला. वडील भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. चौकोनबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता. मी वायरी गुंडाळत होतो, आणि त्या काही केल्या नीट गुंडाळल्या जात नव्हत्या.

यातलं मुलीला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती उठून बसली, सगळ्यांचे चेहरे एकेक करून बघितले आणि आईच्या गुडघ्यावर थोपटलं. भुवया उडवल्या : काय झालं?

आईने गालावर बोट टेकवलं. ती भावाची खूण होती, त्याला तिथे खळी पडायची. मग दोन्ही मुठींनी स्टिअरिंग फिरवलं : बाबा. मग दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांपाशी नेऊन समोर रोखली : बघत होते.

मुलीने मान हलवली. नाही. तिने आपले दोन्ही तळवे डोळ्यांवर धरले. घरात ही गोष्ट सांगायची हीच खूण होती, आणि ती तिला आईनेच शिकवली होती.

आईने ते तळवे मुलीच्या डोळ्यांवरून खाली घेतले आणि पुन्हा तीच दोन बोटं रोखली. बघत होते. मग ती उठली आणि नवऱ्याला भिंतीकडून वळवून त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. त्यांना ऐकू येत होतं, तोंडाने सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण ती तोंड उघडायला गेली आणि आवाजच फुटेना, म्हणून तिने तेही हातांनीच सांगितलं.